न पिण्याचा परवाना मिळणेबाबत

प्रति,
मा. श्री. 'एकच घे रे' साहेब,
टेबलाच्या मधली खुर्ची,
एसी फॅमिली विभाग (फॅमिली वगळून),
पुणे.

विषय : न पिण्याचा परवाना मिळणेबाबत.
संदर्भ : गेल्या शनिवारी रात्री साडेदहा वाजता, बारा जणांच्या टेबलावर, ग्लास उंचावून आपण मला केलेली पृच्छा : "पण का?"

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज करतो की, मी गेली अठरा वर्षे आपल्या टेबलावर बसतो, पण बसत नाही. हे वाक्य शाळेतल्या बाईंनी चूक ठरवलं असतं. तुम्हाला मात्र ते नीट कळेल, कारण मराठीतल्या 'बसणे' या क्रियापदाचा आजचा अर्थ तुमच्यासारख्यांनीच घडवला आहे. "शनिवारी बसू या" म्हटल्यावर कशावर बसायचं, कशासाठी बसायचं हे कुणी विचारत नाही. 'घेणे' हे आम्हाला सकर्मक क्रियापद म्हणून शिकवलं होतं. तुमच्या टेबलावर त्याचं कर्म गळून पडलं. "तो घेतो का?" एवढ्यात सगळं आलं. तर मी तुमच्यातला न घेणारा, आणि बसूनही न बसणारा. व्याकरणाची ही अडचण अठरा वर्षे सोसल्यानंतर हा अर्ज करीत आहे.

परवाना कशाला हवा, असं तुम्हाला वाटेल. थोडा कायदा सांगतो. तुम्ही दुसऱ्या पेगला राजकारण सांगता आणि तिसऱ्याला क्रिकेट, ते मी ऐकतोच की.

आपल्या राज्यात १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आजही लागू आहे. नावातली मुंबई जाऊन तिथे महाराष्ट्र आला, 'दारूबंदी' मात्र जागची हलली नाही. हाच कायदा वारशात गुजरातलाही मिळाला. तिथे त्याने बंदी घातली, इथे तो दरवर्षी हजारो कोटींचा महसूल जमा करतो. एकाच घरातले दोन भाऊ, एक माळकरी आणि एक कंत्राटदार, असं आपल्याकडे असतंच. पण कागदावर बघाल तर महाराष्ट्रात न पिणं हा नियम आहे आणि पिणं हा अपवाद. अपवादाला परवाना लागतो, म्हणून तर दारावर 'परमिट रूम' अशी पाटी असते. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना, देशीचा दोन रुपयांना, आणि जन्मभराचा एक हजाराला. परवान्यावर पिण्याचं कारणही दिलेलं असतं : आरोग्य राखण्यासाठी. म्हणजे दर शनिवारी रात्री दीड वाजता गाडीच्या बाहेर मान काढून तुम्ही जे करता, ते आरोग्य राखण्याचंच काम असतं.

आता गंमत बघा. हा परवाना तुमच्याकडे आहे का, असं अठरा वर्षांत तुम्हाला कुणी विचारलेलं मी पाहिलं नाही. मालकाने नाही, मॅनेजरने नाही. मला मात्र न पिण्याचं कारण तुम्ही विचारलंत, तुमच्या मेव्हण्याने विचारलं, शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी काकांनी विचारलं आणि एकदा वेटरनेही विचारलं. कायदा म्हणतो, पिणाऱ्याने कागद दाखवावा. टेबल म्हणतं, न पिणाऱ्याने दाखवावा. टेबलासमोर कायद्याचं काही चालत नाही, तिथे माझं काय चालणार? म्हणून हा अर्ज.

"सगळेच पितात रे," हे तुमचं आवडतं वाक्य. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची पाहणी सांगते की देशात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी दारू पिणारे सुमारे १९ टक्के आहेत आणि बायकांत जेमतेम एक टक्का. पाच पुरुषांतला एक. पण तो एक टेबलाच्या मधल्या खुर्चीवर बसतो, मेन्यूकार्ड त्याच्या हातात असतं आणि उरलेले चौघे घरी वरणभात खाऊन झोपलेले असतात. म्हणून तुमच्या टेबलावर मी अल्पसंख्याक. टेबलाबाहेर आलो की माझी मंडळी रस्ताभर भेटतात.

तरीही कारणं मी दिली, साहेब. प्रामाणिकपणे दिली. या अर्जासोबत त्यांचा इतिहास जोडणं आवश्यक आहे.

सुरुवातीला सर्दी सांगितली. तुम्ही गरम पाण्यात ब्रँडी मागवलीत. पोट बिघडलंय म्हटलं, तर जंतू मरतील म्हणून व्हिस्की पुढे केलीत. झोप लागत नाही म्हटलं, तेव्हा तर तुमचे डोळे पाणावले, इतकं सोपं रोगनिदान तुम्हाला कधी मिळालं नव्हतं. मला खरोखरच मुतखडा झाला तेव्हा तुम्ही बियर सांगितलीत. डॉक्टरांनी "भरपूर पाणी प्या" म्हटलं होतं. त्यातलं शेवटचं क्रियापद तेवढं तुम्ही उचललंत. छातीत धडधड झाली तेव्हा रेड वाइन. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत सांगून टाकलं की दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. तिच्याच कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ पासून मद्याला कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात बसवलं आहे. तंबाखूही त्याच गटात. तुमच्या भाषेत सांगायचं तर दोघं एकाच टेबलावर 'बसलेत'. पण तुमच्या दवाखान्यात प्रत्येक रोगाला वेगळी बाटली आहे, आणि एकही रोगी कधी औषधाविना परत गेलेला नाही.

मग मी अँटिबायोटिक सांगून पाहिलं. ते चाललं. मात्र गोळ्या पाच दिवसांच्या आहेत हे तुम्ही वहीत लिहून ठेवलं असावं, कारण सहाव्या दिवशी तुमचा फोन आला. आईला वचन दिलंय म्हटलं, तर "आई कुठे बघतेय?" घरी गणपती आहेत, हे दहा दिवस पुरलं.

आणि मग मला श्रावण सापडला.

श्रावणात तुम्ही स्वतःच सोडा पिता. त्याआधी आषाढी अमावास्येला, ज्या दिवशी घरातले दिवे घासूनपुसून पाटावर मांडायचे आणि पुजायचे, ती दिव्यांची अवस तुम्ही उचलून गटारात नेता, महिनाभराचा कोटा एका रात्रीत संपवता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ तोंडाने सांगता, "आपला श्रावण आहे बरं का." त्या महिन्यात मी म्हणालो, "नको, श्रावण आहे," की तुम्ही हात मागे घेता. आवाजात आदर येतो. वेटरला तुम्हीच बजावता, "ह्यांना काही विचारू नकोस." वर्षातला तो एक महिना मी तुमच्यात माणसासारखा वावरतो.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की अडचण न पिण्याची नव्हतीच. देवासाठी नको चालतं, गोळीसाठी चालतं, गळ्यात तुळशीची माळ असली तर जन्मभर चालतं. गाडी चालवायची आहे म्हटलं तर चालतं, नव्हे, धावतं. एकच 'नको' तुम्हाला चालत नाही : स्वतःसाठीचं. "नको, मला नको आहे" हे वाक्य व्याकरणाने पूर्ण आहे, पण ते ऐकून तुम्ही पुढच्या वाक्याची वाट बघत राहता.

आग्रह ही आपली संस्कृती आहे, असं तुम्ही म्हणाल. मान्य. लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट घेऊन फिरणारे काका मीही पाहिले आहेत. "एक तरी घ्या," ते म्हणतात. पानावर हात आडवा धरला की आणखी एकदा म्हणतात. मग हसून पुढच्या पानाकडे जातात. "पण का?" म्हणून ते पाटासमोर मांडी घालून बसत नाहीत. "जिलबी खात नाही? काही झालं होतं का? वडील खायचे का?" असं पंगतभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारत नाहीत. जिलबी न खाणाऱ्याला 'बुवा', 'संत', 'दूधभात' अशी नावं पडत नाहीत. टेबलावरची एखादी सहकारी नको म्हणाली तर तुम्ही तिला काकूबाई म्हणता आणि तिने घेतली तर घरी जाताना तिच्याबद्दल वेगळंच बोलता. जिलबीने कुणावर अशी पाळी आणलेली नाही.

खेड्यातल्या बायकांचा मला हेवा वाटतो. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर त्यांच्यासाठी मतदान होतं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी. यादीतल्या निम्म्याहून अधिक महिलांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. 'नको' म्हणायला त्यांना निदान चिन्ह तरी मिळालंय. मी परवा माझा ग्लास टेबलावर उलटा ठेवला, तर तुम्ही वेटरला म्हणालात, "ह्यांचा ग्लास बदल, पडलाय."

गैरसमज नको. मी दारूबंदीवाला नाही. चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. त्यावर तुम्ही दोन्ही बाजूंनी बोलू शकता, ते मी दोन्ही वेळा ऐकलंय. तुमची बाटली उभी राहो. माझा ग्लास उलटा राहू द्या, एवढंच.

हे अशक्य नाही, याचा पुरावा तुमच्याच सहलीतून देतो. तुम्ही मला गोव्याला नेलंत. "गोव्याला येऊन न पिणं म्हणजे पंढरपूरला जाऊन विठ्ठल न बघणं," असं म्हणून तुम्ही एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या छोट्या तावेर्नात शिरलात. मागच्या फळीवर काजूच्या फेणीच्या बाटल्या. या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तिचा अभिमान बाळगायचा पूर्ण हक्क त्या माणसाला होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मला नको." तो म्हणाला, "नाका? बरें." आणि लिंबू सोडा आणून ठेवला. ज्याची चूल दुसऱ्याच्या पिण्यावर पेटते, त्याला माझं 'नको' दोन शब्दांत पचलं. तुमची चूल तर पगारावर पेटते, साहेब.

आता अर्जदाराच्या सेवेचा तपशील. परवाना देताना तो विचारात घ्यावा.

गेल्या शनिवारी बिल २१,६०० रुपये झालं. भागिले बारा, प्रत्येकी १,८००. माझ्या नावावर दोन फ्रेश लाइम सोडा, एक मसाला पापड आणि तुमच्या आरोपानुसार 'सगळा चखना'. एरवी चहालासुद्धा तुम्ही टीटीएमएम करता, तुझं तू माझं मी. बाटली आली की मात्र तुमच्यात समाजवाद संचारतो. चखन्याचं म्हणाल तर तुम्ही शेंगदाणे चवीला खाता, मी भुकेला खातो. जेवणाची ऑर्डर पावणेबाराला देणाऱ्या माणसांबरोबर आठ वाजल्यापासून बसलेल्या माणसाने काय करावं?

मग परतीचा प्रवास. मागे तिघं, पुढे तुम्ही, स्टिअरिंगवर मी. पुलाखाली नाकाबंदी. हवालदार यंत्र पुढे करतो. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली तर, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मी फुंकर मारतो, यंत्र शून्य दाखवतं आणि गाडीत टाळ्या पडतात. "म्हणून तर हा पाहिजे आपल्याला!" तुम्ही ओरडता. आठवडाभरात त्या एका क्षणी माझं न पिणं सगळ्यांना पटलेलं असतं, आणि त्या क्षणी "पण का?" कुणालाही सुचत नाही.

तुमच्या 'एकच'बद्दल बोलायचं राहिलं. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आलं, गडकरी गेले त्याच वर्षी. शंभर वर्षं उलटली, तरी एकतीस डिसेंबर जवळ आला की वर्तमानपत्रं दिसेल त्या पिणाऱ्याला 'तळीराम' म्हणतात. हा पिणाऱ्यांवर अन्याय आहे. नाटकात बुडाला तो सुधाकर. अपमानाने पोळलेल्या त्या बुद्धिमान वकिलाच्या हातात प्याला ठेवणारा तो तळीराम. पिणारे सगळे सुधाकर झाले, तरी तळीराम टेबलाला एकच लागतो. आणि नाटकाच्या नावात जड शब्द 'प्याला' नाही, 'एकच' आहे, हे तुम्ही गडकऱ्यांइतकंच ओळखलंत. गेल्या शनिवारी तुमच्या डाव्या हाताला तो नवा मुलगा बसला होता. वय तेवीस. कायद्याने दारूला पंचवीस पूर्ण लागतात. त्याने आधी तुमच्या हाताकडे बघितलं, मग माझ्या सोड्याकडे, मग पुन्हा तुमच्याकडे. तुम्ही त्याचे साहेब आहात. त्याने घेतली.

आता हे 'महोदय' आणि 'तुम्ही' जरा बाजूला ठेवतो. तू माझा जुना मित्र आहेस आणि पुढचं मला तुझ्याशीच बोलायचंय.

तुझ्याच टेबलावर एकदा एक माणूस बसला होता. कोणत्या शनिवारी, ते सांगणार नाही. त्याने अ‍ॅसिडिटी सांगितली. तू तीनदा ग्लास पुढे केलास, तो तीनदा हसला. दोनदा उठून तोंड धुवून आला. शेवटी त्याला मी घरी सोडलं. सोसायटीच्या दारात गाडी थांबली तरी तो उतरेना. मग म्हणाला, व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर येऊन सात महिने झालेत. वर्षांचा हिशोब करायचा नाही, असं तिथे शिकवलंय. सकाळी उठायचं आणि म्हणायचं, आज नाही. उद्याचं उद्या बघू. "आजचा दिवस गेला," तो म्हणाला आणि घड्याळाकडे बघितलं. बाराला चार मिनिटं कमी होती.

त्या रात्री टेबलावरच्या बारा जणांत न पिण्याचं सगळ्यात भक्कम कारण त्याच्याकडे होतं, आणि तेवढंच एक त्याला सांगता येत नव्हतं. त्याने सांगितलं असतं तर तू ग्लास मागे घेतला असतास, मला माहीत आहे. तू वाईट माणूस नाहीस. तू त्याला मिठीही मारली असतीस. आणि सोमवारी कँटीनमध्ये सगळ्या ऑफिसला ते कळलं असतं. म्हणून त्याने अ‍ॅसिडिटी सांगितली, आणि तुझ्याकडे अ‍ॅसिडिटीवरही औषध निघालं.

कोण होता, ते विचारू नकोस. अठरा वर्षांत तुझ्या समोरच्या खुर्च्यांवर शंभरेक माणसं बसली असतील. त्यातला कोणीही असेल. पुढच्या शनिवारीही असेल, आणि तुला कळणार नाही.

माझ्याकडे कारण नाहीच. मला आवडत नाही, संपलं. पण टेबलावर मी आता "आवडत नाही" हेसुद्धा मुद्दाम सांगत नाही. कारण विचारलं की ते मिळतं, अशी तुझ्या टेबलाला सवय लागली आहे. कुणीतरी ती मोडायला हवी. ज्याच्याकडे काहीच लपवण्यासारखं नाही त्याने नुसतं 'नको' म्हणून बसून दाखवलं, तर ज्याच्याकडे आहे त्याला ते उघडं करावं लागणार नाही.

तेव्हा साहेब, पुन्हा अर्जाकडे येतो. माझ्या स्वतःसाठी जन्मभराचा परवाना मागणार होतो, एक हजार रुपये मोजायचीही तयारी होती. तो विचार सोडला. अठरा वर्षं तुमच्यासमोर काढली, उरलेलीही निघतील. मला त्या माणसासाठी एका दिवसाचा परवाना हवा आहे. दर पाच रुपये, पिणाऱ्याला लागतो तोच. त्यावर कारणाचा रकाना नसावा. त्याचं नाव मी देणार नाही, म्हणून टेबलावरच्या सगळ्यांना तो लागू करावा. मुदत रात्री बारापर्यंत. उद्याचे पाच रुपये उद्या आणून देईन.

कळावे,

आपला नम्र अर्जदार,
फ्रेश लाइम सोडा (सॉल्ट)

सोबत : पाच रुपयांचं एक नाणं.

ता. क. : येत्या शनिवारी येतो आहे. गाडी मीच आणतो. जेवण तेवढं नऊला मागवा.